ट्रेलरचं नाक

४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन तू घेत नाहीस, आणि घेतलास तर नुसतं हं-हं करून वहिनीच्या हातात देतोस. म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसलेय. शाळेत निबंध लिहितानाही एवढं डोकं खाजवलं नव्हतं, तेव्हा वाचून हसू नकोस.

मी बंद ट्रेलर घ्यायचं ठरवलंय. गॅरेजच्या गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली शर्यतीच्या मैदानावर न्यायच्या, तर दर वेळी भाड्याचा उघडा टेम्पो. मागच्या खेपेला गाड्यांनी वाटेत एवढी धूळ खाल्ली की पोचल्यावर आधी कार्बुरेटर साफ करत बसले. वर एका गाडीची बॅटरी कुणीतरी लांबवली, ती वेगळीच. ट्रेलर जीपच्या मागे जोडला, दोन गाड्या आत घातल्या आणि दाराला कुलूप लावलं, की माझा जीव भांड्यात पडेल.

दोन ट्रेलर बघून ठेवलेत. एक नवा कोरा, पांढराशुभ्र, एका एक्सलचा. दुसरा जुना, दोन एक्सलचा, अंगभर पोचे, रंग म्हणावा तर राखाडी. मला पांढरा आवडलाय. पण उभं आयुष्य तू गाड्यांच्या बॉड्या बांधण्यात घालवलंस, तेव्हा घेण्याआधी तुझी नजर पडावी असं वाटतं. चार दिवस ये. वहिनीलाही तेवढीच विश्रांती.

तू मला लहानपणापासून गोगलगाय म्हणत आलास. आता खरंच मागे घर ओढत फिरणार आहे, झालं तुझं समाधान?

उत्तर धाड, आणि माया आहे तेवढी असू दे.

तुझी,
गोगलगाय

&nbsp;

११ जानेवारी

चि. गोगलगाय हिस,
अनेक आशीर्वाद.

पांढरा आवडला म्हणे. ट्रेलर बघायला गेली होतीस की नवरा? निमूटपणे राखाडी घे. दोन एक्सल असले की एखादा टायर फुटला तरी बाकीची चाकं सांभाळून नेतात. पोचे काय, ठोकून काढता येतात. मात्र खाली वाकून चासी नीट बघ, गंजाने खाल्ली असेल तर हात जोडून घरी ये. आत शिर आणि दार लावून घे. कुठून उजेड दिसला तर तिथूनच पाणी येणार. मागचं दार खाली उघडून त्याचाच रॅम्प होतो, तसंच हवं. आणि रॅम्प रुंद हवा. मोटारसायकल वर ढकलणारा माणूस तिच्या शेजारून चालतो, त्यालाही पाय ठेवायला जागा लागते. हे विकणाऱ्यांच्या डोक्यातच येत नाही.

यायला जमणार नाही. वर्कशॉपमध्ये कामाचा डोंगर आहे, मान वर करायला फुरसत नाही. काय विचारायचं ते पत्रातून विचार.

लोभ कमी करू नये.

दादा

ता. क. – पाकीट मी चिकटवतेय, म्हणून खाली चार ओळी माझ्या. डोंगर वगैरे काही नाही. वर्कशॉपला तीन महिने कुलूप आहे. एका भाजीवाल्याला त्याच्या टेम्पोच्या डाव्या अंगाला दार हवं होतं. तो सांगत होता आणि हे मान हलवत होते. दार केलं उजव्या अंगाला. तो माणूस सगळ्यांसमोर तोंडाला येईल ते बोलला. शब्द ह्यांना कळले नसतील, पण चेहरा कळला. तेव्हापासून फाटकाबाहेर पाऊल नाही. पत्रे ठोकून ठोकून कान गेलेत, हे मला ठाऊक आहे आणि ह्यांनाही, पण कबूल करायचं नाही, माझ्याकडेसुद्धा. विषय काढला की उठून जातात. माणूस डोळ्यांदेखत मिटत चाललाय गं. तुझं पत्र आलं तेव्हा मात्र मोजपट्टी शोधून काढली आणि सबंध दुपार मापं टाकत बसले. त्यांना विचारत राहा. – वहिनी

&nbsp;

१८ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे तुझ्या शिवणक्लासच्या पत्त्यावर पाठवतेय, दादाच्या हाती नको पडायला. तुझ्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. दादाला ऐकू कमी येतं एवढं मला माहीत होतं. त्यापायी तो घरात कोंडून घेईल असं वाटलं नव्हतं.

राखाडीच घेतला. खरं सांगू, तो मी आधीच ठरवला होता. पांढऱ्याचं नाव दादाला चिडवायला काढलं होतं. तू म्हणतेस तसं आता विचारत राहते. आजच त्याला एक महामूर्ख पत्र टाकलंय. दोन्ही मोटारसायकली शेजारीशेजारी एकाच दिशेने लावीन, सीटवरून दोरी टाकून बांधीन आणि दोरीची कडी भिंतीच्या प्लायवूडला स्क्रूने ठोकीन, असं लिहिलंय. मी रोज हेच काम करते हे तो सोयीस्करपणे विसरेल. धाकट्या बहिणीला अक्कल नाही यावर त्याचा फार दिवसांपासून विश्वास आहे. असा भडकेल की मिळेल ती बस पकडून येईल बघ.

तब्येतीला जप, आणि मला विसरू नकोस.

तुझी,
गोगलगाय

&nbsp;

२६ जानेवारी

चि. गोगलगाय हिस,
अनेक आशीर्वाद, आणि दोन धपाटे.

कोणी शिकवलं तुला हे काम? दोन्ही गाड्या एकाच दिशेने लावल्यास तर हँडलं एकमेकांत अडकतील. एक तोंडाने आत घे, दुसरी पाठीने, म्हणजे हँडलं आपोआप पुढेमागे होतात. कड्या भिंतीला ठोकू नकोस, एका धक्क्यात उपटून येतील. तळाच्या फळीतून आरपार बोल्ट काढून चासीलाच आवळ. सीटवरून दोरी तर मुळीच नको. हँडलच्या दोन्ही बाजूंनी रुंद पट्टे खाली ताण, पुढच्या चाकाचे शॉकअप अर्धे दबेपर्यंत, पूर्ण नाही. पूर्ण दाबलेस तर त्यांची तेलाची सिलं फुटतील आणि गिऱ्हाईक तुझं डोकं फोडेल.

सोबत चित्र पाठवतोय, दोन दिवस बसून काढलंय. हत्यारांचं कपाट, जादा टायर आणि पाण्याचा ड्रम ही सगळी जड मंडळी कुठे बसवायची ते त्यात आहे. तसंच्या तसं कर, स्वतःची अक्कल चालवू नकोस.

तुझी वहिनी म्हणते, सारखा ट्रेलरचाच विचार करता, जेवणाकडे लक्ष नाही. यायला मात्र जमणार नाही.

काळजी घे, आशीर्वाद आहेतच.

दादा

&nbsp;

९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच: मी धडधाकट आहे, दोन्ही मोटारसायकलींना ओरखडासुद्धा नाही. आता बाकीचं.

परवा पहिल्यांदा ट्रेलर घेऊन निघाले. गावातून नीट आला. पुढे उताराला लागले, जरा वेग आला, आणि मागून ट्रेलर शेपूट हलवायला लागला. आधी थोडा, मग एवढा की जीपच रस्त्यावर इकडून तिकडे जायला लागली. ब्रेक मारला नाही, एवढी बुद्धी झाली. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घेतला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. ट्रेलर कडेच्या कठड्याला घासत गेला आणि कसाबसा थांबला. समोरून कोणी आलं असतं तर हे पत्र वहिनीला कोणीतरी दुसऱ्याने लिहिलं असतं.

घरी येऊन तुझं चित्र पुन्हा पुढ्यात घेतलं. कपाट, टायर, ड्रम कागदाच्या खालच्या बाजूला आहेत. मी समजले, कागदाचा वरचा भाग म्हणजे ट्रेलरचं नाक, जीपकडची बाजू, सगळे तसंच काढतात. म्हणून सगळं वजन दारापाशी, शेपटाला बसवलं, आणि वजन मागे गेलं की ट्रेलर झुलणारच. मग आठवलं, तुझ्या वर्कशॉपात गाड्या उलट्या आत घेतात आणि तू फाटकाजवळच्या बाकावर बसून चित्रं काढतोस. गाडीचं नाक तुझ्याकडे, म्हणून कागदावरही ते खाली. तिथे सगळ्यांना हे माहीत असतं. मोटारसायकली एक तोंडाने एक पाठीने, तेव्हा त्यांच्यावरूनही दिशा कळेना.

कोणाचं चुकलं हा प्रश्न नाही. तुला कळवायला हवं म्हणून कळवलं.

राग मानू नकोस, आहे तसाच राहा.

तुझी,
गोगलगाय

&nbsp;

१५ फेब्रुवारी

चि. गोगलगाय हिला,
अनेक आशीर्वाद.

तू वाचलीस, यापुढे दुसरं काही नको. पण इकडे सगळं फिसकटलं. तुझं पत्र ह्यांनी उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं. मोजपट्टी, पेन्सिली, कागद, सगळं उचलून माळ्यावर टाकलं. म्हणाले, माझ्या हाताने बहिणीचा जीव जात होता, आता कोणाला काही सांगायचं नाही. मी बोलते, हे मान हलवतात. काय बोलले ते कळलं की नाही, देव जाणे. माझी तर मती गुंग झालीय. तुला काही सुचलं तर बघ बाई.

तुझ्यावर भरवसा आहे, तो राख.

वहिनी

&nbsp;

२० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू लिहिणार नाहीस असं कळलं, म्हणून मीच लिहिते.

तुझं चित्र हातात आलं तेव्हा मला शंका आली होती, नाक वर की खाली. विचारणार होते. विचारलं नाही, कारण त्याआधी मुद्दाम मूर्ख प्रश्न विचारून झाले होते. तू चिडून इथे यावास म्हणून ते नाटक होतं. मग खरा प्रश्न आला, तर आणखी एकदा तुझ्या नजरेत गाढव ठरायची लाज वाटली. तू इथे असतास तर मी चित्रावर बोट ठेवलं असतं, तू बोट दाखवलं असतंस, मिटलं. त्याला कान लागत नाहीत.

हो, तुझ्या कानांचं मला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे, दादा. लपवायचा प्रयत्न फक्त तू करतोस, आणि त्यापायी आम्हाला तू मिळेनासा झालायस. मला तुझी आठवण येते. तू रागावतोस त्याचीसुद्धा.

ट्रेलर गॅरेजच्या मागे आहे तसाच उभा आहे. कपाट मी हलवणार नाही. पुढच्या महिन्यात शर्यत आहे, दोन गिऱ्हाइकांच्या गाड्या न्यायच्यात. तू येऊन वजन जागच्या जागी बसवलंस तर नेईन, नाही तर त्यांना नाही म्हणून कळवीन.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
गोगलगाय

&nbsp;

१० मार्च

अगं,

मायना काय लिहायचा कळेना. एवढ्या वर्षांत तुला पत्र लिहायची वेळच आली नाही, कधी वेगळे राहिलोच नाही. म्हणून जागा कोरी सोडलीय, तुला आवडेल ते समज.

सुखरूप पोचलो. पोरीने ट्रेलर खरंच तसाच ठेवला होता. कठड्याला घासलेला पत्रा बघितला. आधी तो ठोकून सरळ केला. मग कपाट नाकाकडे घेतलं, टायर त्याच्या शेजारी, ड्रम एक्सलच्या पुढे. ती बोल्ट आवळत होती आणि मी चुका काढत होतो. खरं म्हणजे चुका फारशा नव्हत्या. पोरीचा हात चांगला आहे, तिला सांगू नकोस.

परवा शर्यतीला गेलो. तिने मला शेजारी बसवलं. त्याच उतारावर ट्रेलर गुमान मागे येत होता. माझा जीव मात्र मैदान येईपर्यंत मुठीत होता.

तिथे ट्रेलर बघायला माणसं जमली. माझ्या वयाचे एक गृहस्थ आत शिरले, कड्यांना हात लावून बघितला आणि बराच वेळ माझ्याशी बोलले. मी मान हलवली. ते खूश होऊन निघाले. आणि मला त्या भाजीवाल्याचं तोंड आठवलं. वाटलं, हा माणूसही उद्या येऊन तसाच चिडून उभा राहणार. मी उतरलो, मोटारसायकलींमधून वाट काढत त्यांच्या मागे धावलो आणि दंड धरला. त्यांना म्हणालो की मला ऐकू येत नाही, तुम्ही बोललात त्यातलं अक्षर कळलं नाही, मी उगाच मान हलवली. बहुतेक मोठ्याने बोललो असेन, कारण चार माणसं वळून बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्या तळहातावर लिहिलं, असाच ट्रेलर मला बांधून द्याल का, दार कुठल्या बाजूला घ्यावं? मग आम्ही आतल्या प्लायवूडवर लिहीत बसलो. भिंत भरली. तुझी नणंद ओरडत असणार, पण मला ऐकू येत नाही.

वर्कशॉप झाडून ठेव, मी मंगळवारी येतो. फाटकावर पाटी लावायचीय, काय हवं ते लिहून द्यावं म्हणून.

परक्या माणसाला आधी सांगितलं आणि तुला राहिलं. म्हणून हे पत्र. मला ऐकू येत नाही. डाव्या कानाने काहीच नाही, उजव्याने तू जवळ असलीस तर थोडं. तुला माहीत आहे, तरी मी सांगायला हवं होतं. वर्षभर तू माझ्याशी बोलत होतीस आणि मी नुसती मान हलवत होतो. तू काय काय बोललीस, ते आठवेल तेवढं लिहून ठेव. आल्यावर सगळं वाचीन.

लोभ होता, आहे. तुझाही तसाच असू दे.

तुझा,
मी