तवशाचा एकुलता वेल

ता. १२ जून १९३४
पहाटे परसात फेरी. रोजच्यासारखी एकेकाची विचारपूस. नारळ बरे आहेत, दोघेही. शेवग्याचा हात वाऱ्याने दुखावला, काथ्याने बांधून दिला. अळू मजेत, त्याला कधी काही होत नाही. अबोली रुसलेली. पडवळ अजून दोन पानांचं बाळ. कढीलिंब ना मरतो ना वाढतो, माझ्यासारखा. मग तवशाच्या आळ्यापाशी गेलो आणि पाय तिथेच थांबले. काल तीन रोपं होती. आज एक. दोघांचे नुसते देठ उभे.
चार बिया होत्या. एक उगवलीच नव्हती. आता हे एक.
घरात येऊन सांगितलं. आक्का माझी थोरली बहीण, पण या घरात सासूपण तिच्याकडे. म्हणाली, "पुणेकरणीला न्हायला ऊन पाणी मिळालं ना, मग झालं तर." मुलगा श्रीपाद मुंबईला नोकरीवर. त्याची बायको, सूनबाई यमुना, चुलीपुढून उठली नाही. भाकरी करपली.

ता. १३ जून
लिहून ठेवतो. बोलायचा धीर नाही, निदान कागदाला तरी कळू दे.
ही, श्रीपादची आई, गेली त्याला तीन वर्षं झाली. तवशाचं बी तिचं, आंजर्ल्याहून माहेरचं आणलेलं. हातभर लांब काकडी धरायची, एकही कडू निघायची नाही. दर वर्षी ती बी राखेत घोळवून शेणात कालवायची, त्याची गोवरी चुलीमागच्या भिंतीला थापायची. कीड लागत नाही. वर चुन्याचं बोट ओढायची. बोट असलेली गोवरी बियाण्याची, ती जाळायची नाही.
ती गेल्यावर मी थापतो. गेल्या दिवाळीतही थापली. चुन्याचं बोट ओढायचं राहिलं.
चैत्रात सरपण ओलं होतं. यमुनेने भिंतीवरची गोवरी काढली आणि न्हाणीच्या चुलीत घातली. काढताना काठ मोडला, त्यातल्या चार बिया खाली सांडल्या, तेवढ्या वाचल्या. आक्काची खात्री, की बोट होतं आणि सुनेने डोळे उघडून पाहिलं नाही. पोरगी बिचारी म्हणते, "असेल हो मामंजी, मला दिसलं नाही."
मी गप्प. अडीच महिने गप्प.
मेहुण्याला आंजर्ल्याला लिहिलं होतं. उत्तर आलं: आमचं बी कधीच संपलं, तुमच्याकडूनच मागवणार होतो. म्हणजे जगात आता हा एक वेल. तो गेला तर पोरीच्या कपाळी जन्मभराचा शिक्का. आणि मारणारा मी.
वेल जगवायचा. बस्स.

ता. १५ जून
चोर सापडला. ओल टिकावी म्हणून आळ्याभोवती नारळाची सोडणं, वरची काथ्याची सालं, मीच रचली होती. एक उचललं तर खाली पंधरा-वीस जण दाटीवाटीने बसलेले. तपकिरी, चपटे, शेपटीला चिमटा. याला आमच्याकडे धड नाव नाही. मी चिमटेराव म्हणतो. आक्का म्हणते कानात शिरतात. तिने आजपासून कानात कापूस घालायचं ठरवलंय. म्हणजे आता हाकाही तीन-तीन माराव्या लागणार.
सगळी सोडणं उचलून कुंपणापलीकडे फेकली. आळं उघडं केलं.

ता. १८ जून
शाळा तीन बुकांची. बाकीचं सगळं बघून बघून शिकलो, तसंच हेही. चिमटेरावांना दिवसा अंधार आणि ओल लागते ना? मग तीच द्यायची. करवंट्यांत ओला पेंढा कोंबून रोपाभोवती पालथ्या घातल्या. सकाळी त्या रॉकेल घातलेल्या पाण्याच्या डब्यावर झटकल्या. पहिल्या दिवशी मोजले, दुसऱ्या दिवशी मोजायचं सोडलं. डब्यात काळा थर.
रोपाला तिसरं पान. आतापर्यंत सहीसलामत.

ता. २ जुलै
आता तांबडे भुंगे. पानाची चाळण करतात. हे गार हवेत सुस्त असतात, म्हणून तांबडं फुटताच हाताने वेचायचे. आज गेलो तर यमुना आधीच तिथे, डोक्यावर इरलं, हातात वाटी. तिला तिसरा-चौथा महिना, सकाळी ओकाऱ्या. म्हटलं, "अगो, तू आत जा, मी आहे." म्हणाली, "वास नाही येत भुंग्यांना. चुलीपेक्षा बरं वाटतं इथे." थोड्या वेळाने, खाली बघून, "मामंजी, हा जगलाच पाहिजे."
त्याच वेळी सांगायला हवं होतं. राखेचं मडकं आणायला आत गेलो.

ता. २८ जुलै
वेल मांडवावर चढला. पिवळी फुलं, अजून सगळी वांझ. चालायचं, आधी नर येतात. करवंट्यांत आता चिमटेराव क्वचितच. माझी छाती दोन बोटं फुगली. पुतण्या मुंबईहून आला होता, त्यालाही डबा नेऊन दाखवला. तो नाक धरून उभा.
आक्का: "चातुर्मासात, देवाला हात लावायच्या आधी, रोज हत्या!"
मी: "देवाने त्याला चिमटा दिला, मला करवंटी दिली."
आक्का: "तुला जीभ दिली तीच जास्त झाली."

ता. ८ ऑगस्ट
सहा दिवस उघडीप आहे. शेंड्यांवर मावा. आधी चार ठिपके होते, आता कोवळी देठं दिसत नाहीत. पानं मुठीसारखी वळली, हात लावला की चिकट. पहिली मादी फुलं आली, मागे इवलीशी काकडी घेऊन, आणि दोन दिवसांत पिवळी पडून गळाली. राख मारली. तंबाखूचं पाणी मारलं. संध्याकाळी कमी, सकाळी पुन्हा तेवढाच.
शेजारच्या पडवळावरही मावा आहे, पण थोडा. तवशावरच एवढा का? समजत नाही. समजल्याशिवाय सोडायचं नाही.

ता. १४ ऑगस्ट, नागपंचमी
आज खणायचं नाही, चिरायचं नाही, मारायचं नाही. मी चुकून करेन म्हणून आक्काने रॉकेलचा डबाच लपवला. दोन महिन्यांत पहिल्यांदा हात रिकामे. फटफटायला लागल्यावर पाट टाकून मांडवाखाली नुसता बसलो. यमुना नागाच्या पूजेला दूर्वा काढत होती.
खालच्या एका पानावर चिमटेराव. कुठून वाचला होता कोण जाणे. मारायची सोय नाही, म्हणून बघत राहिलो. तो देठावर चढला, माव्याच्या दाटीत तोंड घातलं आणि एकेक उचलून खाऊ लागला. घाई नाही. फुटाणे खावेत तसा. त्याच्या मागे देठ स्वच्छ हिरवा.
यमुनेला खुणेने बोलावलं. दोघं किती वेळ बघत होतो! शेवटी ती हळूच म्हणाली, "मामंजी, आपण रखवालदाराला मारत होतो का?"

ता. १६ ऑगस्ट
एकदा पाहिलं म्हणजे खरं झालं असं नाही. परवाचा तो काल मिळाला, पडवळाखाली आणखी एक मिळाला. कंदिलाच्या दोन काचा घेतल्या, दोन्ही तोंडांना मलमल बांधली. एकीत माव्याने भरलेला शेंडा, दुसरीत नुसतं कोवळं पान. दोघांना आत सोडून काचा फडताळात ठेवल्या. आक्काने फडताळाला नमस्कार केला, उपहासाने.
आज सकाळी काढल्या. पहिल्या काचेत मावा साफ, शेंड्याला फक्त एक ओरखडा. दुसऱ्या काचेत पान निम्मं खाल्लेलं.
म्हणजे जूनमधली रोपंही त्यानेच खाल्ली, आणि आता मावा खाणाराही तोच. रोप कोवळं होतं तोवर त्याला दूर ठेवलं ते बरोबर. वेल मोठा झाल्यावरही मारत सुटलो ती माझी चूक. कुठे थांबायचं ते बघितलं नाही.
आता हवे आहेत तर करवंट्या रिकाम्या.

ता. १७ ऑगस्ट
शेजारच्या वाडीतल्या सोनूबाकडे गेलो. त्याच्या मागल्या दारी सोडणांचा डोंगर, कुजका, ओला. तो पडवीत काथ्या वळत होता.
"काय वो अण्णा, वाट चुकलाव?"
"किडे हवेत थोडे. चिमटेवाले."
त्याने काथ्या खाली ठेवला. "किडं?"
"हो."
"लोकं दारात ताक मागाया येतात. तुमी किडं?" आणि आत बघून बायकोला, "ऐकलास काय गो? अण्णांना किडं होवे हायत!" ती पदराने तोंड झाकून बाहेर आली. मग दोघं माझ्याबरोबर वाकून वाकून सोडणं उलटत होती. करंडाभर जमले. वर केळीचं पान बांधून दिलं. निघताना म्हणाला, "संपलं तर परत येवा. लाजू नका." हसू आवरत नव्हतं त्याला. मलाही.
यमुनेने एकेक करवंटी मांडवाच्या दांड्याला बांधली, पेंढ्यासकट. ज्यांना डब्यात बुडवलं त्यांच्या जातभाईंना आज घर बांधून दिलं.

ता. १९ ऑगस्ट
जेवताना आक्का पुन्हा सुरू झाली. मावा कमी झाल्याचं कौतुक राहिलं बाजूला, "ती गोवरी जाळली नसती तर ही वेळच आली नसती." यमुना वाढत होती. हातातली पळी थांबली.
मी म्हटलं, "आक्का, चुन्याचं बोट नव्हतं."
"काय नव्हतं?"
"मी ओढायला विसरलो. तिने पाहिलं नाही असं नाही. तिथे काही नव्हतंच."
आक्काने ताकात भात कालवला. मग म्हणाली, "आणि हे तू श्रावणात सांगतोस." माझ्याकडे बघितलं नाही. "वाढ गो यमुने मला थोडं. नि तू पण बस आता. किती वेळ उभी राहशील?"
यमुना न्हाणीत जाऊन तोंड धुऊन आली.

ता. ३० ऑगस्ट
शेंडे मोकळे. नवी पालवी. पाच मादी फुलं धरली. तीन काकड्यांना फळमाशीने डंख केला, आतून सडल्या, तोडून उकळत्या पाण्यात टाकल्या. एक मांडवाच्या काठीला घासून फुटली. एक उरली, बोटाएवढी.
तिला झाकायला हवं. यमुना बाळाची झबली शिवत होती, जुन्या धोतराची. तिने त्यातलंच एक उचलून आणलं, खालचं तोंड शिवलं, वरून नाडी ओवली आणि तवशाला चढवलं. मापात बसलं. आक्का बघायला आली. "बाही कशाला ठेवलीस गो त्याला?"

ता. २३ सप्टेंबर
गणपती झाले. यमुनेचा भाऊ तिला बाळंतपणाला न्यायला आला. मोटारीने कोल्हापूर, पुढे गाडी. निघण्याआधी ती मांडवाखाली जाऊन आली. झबलं आता तिसरं, तवसं हातभर होत आलंय. म्हणाली, "मामंजी, मी परत येईपर्यंत कापायचं नाही. बी मी काढणार. गोवरी मी थापणार."
"आणि बोट?"
"तेही मीच."
वचन दिलं. आक्काने ओटीत नारळ घातला आणि पाठीवरून हात फिरवला. एवढं मी तिला कुणासाठी करताना पाहिलेलं नाही.

ता. २० ऑक्टोबर
वेल वाळला. तवसं पिकून तांबूस झालं. देठासकट उतरवलं, काथ्याच्या फासात घालून माजघराच्या आढ्याला टांगलं. तिथे फाल्गुनापर्यंत राहतं. खालून जाताना आक्का मान वर करते. मीही.

ता. ४ नोव्हेंबर
पुण्याला यमुनेला पत्र टाकलं. त्याची नक्कल इथे:

चि. सौ. यमुनेस अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे? पायांची सूज उतरली का? तुझ्या आईची कंबर, वडिलांचा खोकला, भावाची परीक्षा, सगळं कळव. इकडे आक्का ठणठणीत. श्रीपादचं मुंबईहून पत्र आहे, तोही खुशाल. सोनूबा रोज विचारतो, किडे पुरले का.
आता मुद्द्याचं. तवशाच्या देठाजवळ एक डाग दिसला. परवा तुरीच्या डाळीएवढा होता, आज बोटाच्या पेराएवढा आहे. दाबलं तर मऊ लागतं. माशीचा डंख असेल, झबलं चढवण्याआधीचा. कदाचित वरवरचा असेल, आपोआप सुकेल. कदाचित आत उतरत असेल. आज कापलं तर बी पुरतं भरलंय की नाही, सांगता येत नाही. आणखी टांगून ठेवलं तर बी पक्कं होईल, किंवा सगळंच सडेल. बघून बघून शिकलेल्या माणसाला तवशाच्या आतलं दिसत नाही.
तुला शब्द दिला आहे. पूर्वी मी एकट्याने गप्प राहून ठरवलं, त्याचं काय झालं ते तू जाणतेस. म्हणून विचारतो. वेल तू वाचवलास, बीही तुझं. आक्काने चुन्याची डबी भिंतीजवळ आणून ठेवली आहे, हात लावत नाही, म्हणते तिचं बोट यायचंय.
डागाला रोज राख लावतो. चार-पाच दिवस मला वाटतं निघतील, त्यापुढचं सांगवत नाही. तुला लिहायला बसवत नसेल तर भावाकडून एकच शब्द लिहवून घे, थांबा की कापा. पण हे पत्र हाती पडताच, उलट टपाली, उत्तर धाड.