पाहुण्यांच्या हाराची क्रेन

कुपवाड, मंगळवार

तीर्थस्वरूप आकाराममामांच्या पायांवर भाच्याचं, म्हणजे धैर्यशीलचं, डोकं.

मामींचा गुडघा कसा आहे? तुमचं बीपी तुम्ही गोळीपेक्षा डॉक्टरवर ओरडूनच उतरवता असं तुमची पूजा फोनवर सांगत होती. फौजेतून आलात तरी आवाज काही रिटायर झाला नाही म्हणायचा. इकडे आम्ही सगळे मजेत. तुमची भाचेसून दीपमाला नमस्कार सांगते. (हे पत्र तिला ठाऊक नाही, पण ठाऊक असतं तर तिनं नमस्कार सांगितलाच असता.)

तर आमच्या कारखान्याच्या नव्या शेडचं उद्घाटन झालं. म्हणजे झालं असं मालक म्हणतात. शेडवर पत्रे बसवायला आपला वीरधवल होता. (माझ्या लग्नात तुमच्याशी पैज लावून जिलेब्या खाणारा तोच.) उंचावरून माणूस पडू नये म्हणून छपरावर जागोजागी तात्पुरते हुक लावतात. अंगात पट्टा, पट्ट्याला दोर, दोर हुकात. काम संपलं की हुक काढायचे, आणि खरी जोखीम तिथेच असते. लांबच्या टोकापासून सुरुवात करायची, दोर आधी अलीकडच्या हुकात अडकवायचा, मग पलीकडचा काढायचा, असं करत शिडीकडे यायचं. शेवटचा हुक क्रेनच्या पाळण्यात उभं राहून काढायचा, कारण तेव्हा छपरावर बांधून घ्यायला काही उरलेलंच नसतं. त्यासाठी मी पाळण्याची क्रेन मागवलीही होती. ती वेळेवर आली. मालकांनी बघितली, खूश झाले, आणि तिला पाहुण्यांसाठी केलेला झेंडूचा हार लटकवला. हार एवढा अवजड की चार माणसं त्याला धरून घामाघूम झाली. पाहुण्यांच्या गळ्यात तो घातला असता तर पाहुणे दिसलेच नसते. (तसं फारसं नुकसान झालं नसतं.)

बरं, हुक उद्या काढू म्हटलं, तर मालकांना ते फोटोत नको होते. वर वीरधवल, खाली मालक, आणि मालक बोट दाखवून सांगताहेत, आधी दर्शनी बाजूचे काढ. दर्शनी बाजूलाच शिडी. म्हणजे परतीच्या वाटेवरचे हुक आधी निघाले. मी मालकांच्या कानाशी ओरडत होतो, पण शेजारी ताशा वाजत होता. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली, मालक खालून "आटप, आटप" म्हणाले, आणि त्या घाईत वीरधवलनं स्वतःचा दोर ज्यात होता तोच हुक सोडवला. मामा, पट्टा होता, दोर होता, हुक होता. फक्त हुक कशालाच लागलेला नव्हता. तो त्याच्या हातात होता.

वीरधवल पत्र्यावर पालथा पडला. पत्रा नवा, उतरता, गुळगुळीत. तिथून त्याची हाक आली, "धैऱ्या, मी सुटलोय रं! हलू का नगं?"

"हलू नगंस गड्या! श्वास बी हळू घे!"

पाहुणे तोवर गाडीतून उतरून थेट माईकवर गेले होते आणि सांगत होते की कामगारांची सुरक्षा म्हणजे आपला श्वास. टाळ्या पडल्या. मंडपाच्या कापडामुळे वर बघायची कुणाची सोयच नव्हती. मी मालकांना म्हटलं, क्रेन द्या. ते म्हणाले, "हार घालून होऊ दे की रं, पाचच मिनिटं." मी स्टेजवर चढलो, पाहुण्यांच्या पुढ्यातला माईक ओढला आणि म्हणालो, वर एक माणूस पडायला आलाय, भाषण नंतर करा. मग क्रेनवाल्याला हात केला. त्यानं हाराचा दोर कापला. हार थेट पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसला. (सोफा पाहुण्यांचाच होता.)

पाळण्यात मी चढलो, पाळण्याला माझा पट्टा बांधला आणि वर गेलो. वीरधवलच्या पट्ट्यात दुसरा दोर अडकवला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "माझ्या पोरीला सांगू नगंस." खाली आल्यावरही त्याच्या मुठीतून हुक सुटेना. कार्यक्रम बघायला आलेली त्याची आई, राहीबाई, एकेक बोट उलगडत बसली होती. पाहुणे निघून गेले होते.

तुमचा भाचा,
धैर्यशील

ता. क. वर 'आम्ही सगळे मजेत' लिहिलंय त्यात मला धरू नका. कार्यक्रमाचा विचका केला म्हणून मालकांनी मला दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं.

ता. क. २. दीपमालाला हे सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन गाडीवर निघतो आणि कृष्णेच्या घाटावर बसतो. तुम्ही या रविवारी या आणि तिला सांगा. तुमच्यावर तिला ओरडता येणार नाही. पण मामा, सांगून झाल्यावरच जेवायला बसा. आधी बसलात तर ती आग्रह करकरून वाढेल, तुम्ही तिथेच डुलकी काढाल, आणि मला सोमवारी परत डबा घेऊन निघावं लागेल.