किर्र वटवट्या आणि माझं तळं

२३ डिसेंबर, सकाळ

संताप! सेक्रेटरीबाईंचा फोन. सुट्टीतल्या पक्षीगणनेत यंदा तळ्यावर दोन टीम. अलीकडचा काठ माझा, पलीकडचा दातपाड्याचा. (हा डेंटिस्ट. मागच्याच वर्षी क्लबात आला, तो थेट डोक्यावर बसायलाच.) ज्याची यादी सरस, त्याला पुढच्या वर्षी अख्खं तळं. माझं तळं! क्लबाचे नियमसुद्धा मी लिहिले. 'गणनेत रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणाऱ्याला कायमचं काढावं' हा नियम माझा. शब्द न् शब्द माझा.

कारण काय, तर म्हणे झुडपांतले बारीक आवाजाचे पक्षी माझ्या यादीत नसतात. नसतातच, तर लिहू कुठून? दातपाड्याला मात्र प्रत्येक झुडपात गाणं ऐकू येतं.

संकल्प: गणनेआधी गाडीने आसपासची सगळी तळी पालथी घालायची. कान तयार ठेवायचा.

२४ डिसेंबर, प्रवास

गाडी मेहुण्याची, चालवतोही तोच. मागे ही. दोघं बहीणभाऊ तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. तीनदा 'काय?' विचारलं तर ही खेकसली, कानाच्या डॉक्टरकडे चला. माझे कान ठणठणीत आहेत. लोकांचं बोलणं बिघडलंय.

पहिलं तळं. थंडीने बोटं बधिर. बदकं भरपूर, लव्हाळ्यात शुकशुकाट. मेहुणा म्हणतो, भावजी, केवढा कलकलाट चाललाय हो! त्याला वारा आणि पक्षी यातला फरक कळत नाही.

२५ डिसेंबर

लॉजवर मोबाइलचा अलार्म वाजलाच नाही. हिने हलवून उठवलं. म्हणे, वाजून वाजून थकला. खोटं! मोबाइलचा स्पीकर गेलाय, दुसरं काय.

दुसऱ्या तळ्यावर मेहुण्याला काहीतरी टिकटिक ऐकू आलं. हिलाही आलं. माहेरची एकजूट. मी दोघांना झाडलं. तेव्हापासून अबोला. बरंच झालं, गाडीत शांतता आहे.

२७ डिसेंबर, गणना

आज दातपाड्याचे दात त्याच्याच घशात. शस्त्र: किर्र वटवट्या. पक्षी मुठीएवढाही नाही, दिसत तर नाहीच, आवाज रातकिड्यासारखा बारीक. हिवाळ्यात चुकून तोंड उघडतो. तो मला सापडला की तळं माझं.

गणना आठला. त्याआधी त्याचा आवाज मोबाइलवर एकदा ऐकून घ्यायला बसलो. (नियमभंग नव्हे. उजळणी.) मोबाइल मुका. गाडीच्या स्पीकरला जोडला, काचा खाली, आवाज फुल्ल. तरी चिडीचूप! मेहुण्याची गाडीही मेहुण्यासारखीच. मोबाइल सीटवर आपटला आणि दुर्बीण घेऊन काठावर गेलो.

मागून हिचे हातवारे सुरू. एकदा गाडीकडे बोट, एकदा कानाकडे. मी ओठांवर बोट ठेवलं. आली, तर हाताने परत पाठवली. शिस्त म्हणजे शिस्त. घरगुती विषय घरी.

पलीकडच्या काठावर दातपाड्याची टीम कानामागे हात धरून उड्या मारत होती. नाटकी लेकाचे.

२७ डिसेंबर, संध्याकाळ

लिहिताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. रागाने.

क्लबाच्या हॉलमध्ये याद्या वाचल्या. दातपाड्या उठला आणि म्हणाला, किर्र वटवट्या! चांगली वीस मिनिटं गात होता! टाळ्यांचा कडकडाट. सेक्रेटरीबाई माझ्याकडे वळल्या. आवाज तुमच्याच गाडीजवळून येत होता म्हणे, तुम्ही ऐकलाच असेल?

अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता. नाही कसं म्हणणार? म्हटलं, अर्थात. आधी मीच ऐकला. यादीत का नाही? खात्री करत होतो.

झालं. माझ्या साक्षीने नोंद पक्की, आणि तळं दातपाड्याला. हिने कपाळावर हात मारला. एवढी वर्षं पहाटे उठून त्या चिखलात उभा राहिलो, आणि तळं माझ्याच तोंडाने देऊन आलो. जीव जळतोय.

३० डिसेंबर

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. हिचं तोंड बंद करायला. त्याने मशीन दिलं, आठवडाभर वापरून बघा म्हणे. लावलं. डॉक्टरचा मान ठेवला.

घरात पाऊल टाकलं, तर स्वयंपाकघरातून स्वच्छ ऐकू आलं. ही भावाला सांगत होती, अरे, यांचाच मोबाइल किरकिरत होता गाडीत! सांगायला गेले, तर मलाच गप्प केलं. आता म्हटलं, घाला गोंधळ. मेहुणा हसून हसून लोळत होता.

बाथरूमचं दार लावून वटवट्या वाजवला. आवाज अगदी कमी ठेवून. किर्रर्र. कानाला झोंबला. किती वर्षांनी ऐकला, देव जाणे. रडू आलं. रागाने. बहुतेक रागानेच.

आता सांगावं, तर माझ्याच नियमाने मी कायमचा बाहेर. न सांगावं, तर दातपाड्या माझ्या तळ्यावर, माझ्याच मोबाइलच्या जोरावर! इकडे आड, तिकडे विहीर.

२ जानेवारी

किर्र वटवट्या बघायला परगावचे पक्षीवाले गाड्या भरभरून आले. सेक्रेटरीबाईंचा हुकूम: पहिले साक्षीदार म्हणून तुम्ही हवेतच.

मशीन कानटोपीखाली लपवून गेलो. सगळे श्वास रोखून उभे. मला सगळं ऐकू येत होतं. बदकाचे पंख. लव्हाळ्यातली टिकटिक. (मेहुण्याची माफी मागणार नाही.) कुणाच्या तरी पोटातली गुरगुर. किर्र कुठेही नाही.

आणि दातपाड्याने बोट वर केलं. ऐका! शेजारच्याने मान डोलवली. मग त्याच्या शेजारच्याने. बघता बघता सगळ्यांना वटवट्या ऐकू यायला लागला. एकाने तर डोळे मिटले. अरे, काय ऐकताय काय, गाढवांनो? माझा मोबाइल घरी चार्जिंगला आहे!

सेक्रेटरीबाईंनी मला विचारलं, तोच ना?

म्हटलं, मला काहीही ऐकू येत नाहीये. इथे पक्षी नाहीच.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दातपाड्यासुद्धा. मग सेक्रेटरीबाईंनी माझा हात हातात घेतला, शेजारच्या बाईंकडे वळल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, बिचारे, कान गेलेत हो त्यांचे.

स्वच्छ ऐकू आलं.