तंबूत राहिलेली माणसं

गुरुवार, श्रूजबरी

आज बाबा बोलले. आई गेल्यावर मी त्यांना नागपूरहून इथे परदेशी माझ्याकडे आणलं, पण हो-नाहीपलीकडे त्यांचा शब्द नव्हता.

उद्या युनिव्हर्सिटीत माझं प्रेझेंटेशन, म्हणून संध्याकाळी त्यांच्यासमोर प्रॅक्टिस केली. विषय कनिझा, हंगेरीतला ओटोमन तुर्कांचा चारशे वर्षांपूर्वीचा सरहद्दीवरचा किल्ला. ऑस्ट्रियाच्या फौजेने वेढा घातला, पण आतले लोक हटेनात. थंडी वाढली, बर्फ पडलं आणि वेढा उठवून फौज पळाली. तोफा टाकून, तंबूतले आजारी सैनिकही टाकून.

"आजारी माणसं टाकून?" बाबांनी विचारलं. "त्यांच्याजवळ कोणीच थांबलं नाही?"

तोफांची स्लाइड आहे माझ्याकडे, तंबूतल्या त्या माणसांची नाही. का केली नाही मी?

बाबा म्हणाले, "तुझ्या आईला आयसीयूत नेलं आणि मला बाहेर बसवलं. शेवटी ती एकटीच होती गं." आणि रडायलाच लागले.

मी लॅपटॉप मिटून त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या दिवशी नर्स मला फोनवर जे बोलली, ते ऐकून बाबा आणखी खचतील म्हणून त्यांना सांगायचा धीर आजवर झाला नव्हता. आज सांगितलं. "बाबा, आई नर्सला म्हणाली होती, 'हे बाहेर बसलेत ना? मग मला भीती नाही. त्यांना काहीतरी खाऊन घ्यायला सांगा.'"

बाबांनी डोळे पुसले.

"असं म्हणाली?"

"हो, बाबा."

थोड्या वेळाने परत, "असं म्हणाली ती?"

"हो."