पालथा कप

२८ सप्टेंबर, शनिवार

तिसरी खिडकी बसेना!

थंडीच्या जादा काचा तळघरातून वर काढल्या. चौकटी दिसायला सगळ्या सारख्या, पण प्रत्येकीची खिडकी ठरलेली. हट्टाने भलतीकडे ठोकाल तर जानेवारीत वारा पांघरुणात येऊन झोपतो. कोणती कुठली, हे माझ्या बायकोला, डेल्फीनला पाठ. मी शिडीवर, ती आत. "ती नव्हे रे गाढवा, ती न्हाणीघराची!"

आज सवयीने ओरडलो, "अगं, ही कुठली?" आणि तसाच शिडीवर उभा राहिलो. वांडाने खिडकीतून डोकं काढलं. "मला काही म्हणालात का?" वांडा दिवसभर डेल्फीनजवळ असते, चांगली बाई आहे. तुला नाही म्हणालो, बाई.

एप्रिलपासून डेल्फीन बोललेली नाही. झटक्यात उजवं अंग गेलं, शब्द गेले. डॉक्टर म्हणाले होते, जे परत यायचं ते पानगळीपर्यंत येईल. त्यापुढे फार आशा धरू नका.

अंगणातला मेपल अर्धा झडलाय.

१ ऑक्टोबर, मंगळवार

वाचनालयात गेलो. अ‍ॅक्लीबाई गुडघा बदलायला रजेवर. तिच्या जागी कोणी नवी मुलगी, मान वर करत नाही. मीच नव्या पुस्तकांच्या फळीवरून एक उचललं. कव्हर कोरं करकरीत. कालव्याकाठचं जुनं गाव, घोडागाड्या, आणि खुनाचा छडा लावणारी टोप्या शिवणारी विधवा. डेल्फीनच्या अगदी पसंतीचं. सभ्य माणसांनी सभ्यपणे केलेला खून हवा तिला. रक्त चालत नाही. "रक्त कोणाला तरी पुसावं लागतं रे. विष बरं."

आमच्या घरचा नियम असा. खुनी कळला की आपला कप बशीत पालथा घालायचा. नाव घ्यायचं नाही. शेवटच्या पानावर निकाल. जो हरेल त्याने पन्हळीतला पाचोळा उपसायचा. लग्नापासून पन्हळी मीच उपसतोय!

वाचायची ती, ऐकायचो मी. ऐकायचो कसला, घोरायचो. पानगळ म्हणजे माझ्या धंद्याचा हंगाम, घरं गरम ठेवणाऱ्या गावातल्या सगळ्या भट्ट्या एकाच आठवड्यात आजारी पडायच्या. दुसऱ्यांच्या तळघरातली राख उपसत मोठा झालो, दिवस मावळला की खुर्चीत मेलेला. ती एकटीच जिंकायची.

आता वाचणार मी.

२ ऑक्टोबर, बुधवार

देवा!

तिच्या पलंगाशी बसून चहा मांडला, पुस्तक उघडलं. सावकाराकडे नाच चालू आहे, विधवा एका कोपऱ्यात केक खाते आहे. आणि — खळ्! डेल्फीनचा डावा हात. कप बशीत पालथा. चहा चादरीवर.

"कळलं? कोण गं? कोण?" वेड्यासारखा विचारत सुटलो. ती बघत राहिली. मी काही बावळटासारखं बोललो की बघायची, तशीच.

मग पुस्तकाकडे पाहिलं. अजून कोणी मेलेलंच नाही. दुसरं पान!

३ ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा. आज तर पुस्तक उघडायच्या आधीच.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

बोलणं शिकवायला येते ती बाई आज आली होती. तिला कपाचं सांगितलं. नियमही सांगितला. तिने पेन खाली ठेवलं तेव्हाच ओळखलं. गिऱ्हाइकाला "भट्टी बदलावीच लागेल" असं सांगायच्या आधी मीही पेन असंच खाली ठेवायचो.

"सवय हातात उरते, ऑरिन. अर्थ निघून जातो. पाहुणा नसताना दार उघडावं, तसं."

मी शेतावर वाढलो. मान कापलेली कोंबडी अंगणभर कशी धावते, ते मला कोणी सांगायला नको.

६ ऑक्टोबर, रविवार

आमची कोरिन शहरातून गाडी हाणत आली. येताना भोपळ्याचा केक आणि आजारी म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या एका ठिकाणाचे फोटो. स्वच्छ आहे. खिडकीतून पाणी दिसतं. नोव्हेंबरात एक खोली रिकामी होते आहे.

"रिकामी होते म्हणजे कशी होते?" मी विचारलं.

"बाबा! सगळ्यात विनोद नको."

बोलणं स्वयंपाकघरात चाललं होतं. डेल्फीनचा पलंग शेजारच्या जेवणघरात, जिना चढवत नाही म्हणून. तिच्या उशाशीच भट्टीच्या गरम हवेची जाळी. या घरातल्या नळ्या मीच घातल्यात. स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी त्या जाळीतून लख्ख ऐकू येतं. कोरिन सोळा वर्षांची असताना तिची सगळी प्रकरणं आम्ही तिथे बसूनच ऐकली, फुकट नाटक!

कोरिनला ते आठवलं असावं. "हळू बोला बाबा. आईला ऐकू जाईल."

"जाऊ दे," मी म्हणालो. "ऐकायला आहे कोण तिथे?"

कोरिन रडली. मीच सफरचंदं सोलायला घेतली.

७ ऑक्टोबर, सोमवार

कप पालथा. चादर बदलली.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

पन्हळी उपसल्या. हरलो नाही, जिंकलो नाही, तरी उपसल्या. पाचोळ्यात चिमणीचं घरटं, त्यात एक फुटकं अंडं. खाली उतरल्यावर लक्षात आलं, शिडी धरायला कोणी नव्हतं.

रोज थोडं वाचतो. विधवा हुशार आहे. चौथ्या प्रकरणात सावकार मेला, जायफळाच्या दुधातून विष. माझा संशय धाकट्या भावावर. वाचून दाखवतो, कारण न वाचता त्या खोलीत बसायचं कसं, ते मला माहीत नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वांडाबरोबर सफरचंदांचा गर आटवून बरण्यांत भरला. एवढा कशाला, ते देव जाणे. वांडा म्हणाली, "तुम्ही दालचिनी टाकता की पुरता?" डेल्फीन हेच म्हणायची! पळीभर गर नेऊन तिला चाखवला. तिने तोंड वाकडं केलं. वांडा म्हणाली, "बघा, पटलं त्यांना." मी हसलो. मग वाटलं, तान्ही मुलंही तोंड वाकडं करतात.

चहाला कप पालथा. हल्ली मी कपात दोनच घोट ओततो.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पुन्हा कोरिन. खोलीचं आज सांगायला हवं, नाहीतर दुसरं कोणी घेईल.

"तुमची तब्येत बघा जरा. आरशात बघता की नाही?"

"बघतो. म्हातारा आहे एक आत. भाडं देत नाही."

"बाबा, मी खरंच विचारतेय. आईला इथून हलवलं तर तिला काय वाटेल?"

तेव्हा मी म्हणालो. इथे जसंच्या तसं लिहितो. "तिला काही वाटत नाही, पोरी. तुझी आई एप्रिलमध्येच गेली. आत जी आहे ना, तिला मी फक्त ऊब देतो. सगळ्या गावाला दिली, तशी."

कोरिनने फोन केला. हो सांगितलं. एक नोव्हेंबरला न्यायचं.

आत गेलो तर डेल्फीनने तोंड भिंतीकडे वळवलेलं. अंग दुखत असेल. चहा पाजायला गेलो तर ओठ मिटलेले.

२० ऑक्टोबर, रविवार

कप सुलटा.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

कप सुलटा. हात हलतच नाही. बोलणं शिकवणाऱ्या बाईला फोन केला. "कधी कधी उरलेली सवयही जाते," म्हणाली. म्हणजे कोंबडी धावायची थांबली.

मनाला लावून घेतलं नाही. भट्टीची गाळणी बदलली, नळीवर टकटक करून कान लावला. छान घुमते. माझ्या कानाला यंत्र कधी फसवत नाही. जिन्यावरून सांगतो, पंखा गेलाय की पट्टा.

२६ ऑक्टोबर, शनिवार

सरपण रचून झालं. वांडा विचारते, "घरात एकटे राहणार, मग एवढं कोणासाठी?" मी आणखी एक रांग रचली.

पुस्तक संपवलं. खुनी औषधवाला! धाकटा भाऊ गरीब बिचारा निघाला. मी हरलो. वर पाहिलं. कप सुलटा, चहा गार, तोंड भिंतीकडे. पूर्वी अशा वेळी ती टाळी वाजवून म्हणायची, "शिडी कुठे आहे तुझी?"

२९ ऑक्टोबर, मंगळवार

तिची बॅग भरली. लोकरीचे मोजे, निळा स्वेटर, चष्मा. चष्मा कशाला? तरी ठेवला. वांडा दर थोड्या वेळाने न्हाणीघरात जाऊन नाक शिंकरते. मला सगळं ऐकू येतं, हाच माझा शाप आहे.

पहिलं हिम भुरभुरलं. न्हाणीघराची काच न्हाणीघरालाच बसली आहे. सांगायला कोणी नाही.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

पुस्तक परत द्यायला गेलो. अ‍ॅक्लीबाई परतली आहे, काठी टेकत. पुस्तक हातात घेऊन हसायला लागली.

"हे पुन्हा कशाला नेलंस रे ऑरिन? जुनंच आहे हे, फक्त नाव आणि कव्हर नवं. तुझी बायको मागे घेऊन गेली होती की! परत देताना मला म्हणाली, 'औषधवाला तर मी नाचातच ओळखला, पण नवरा घोरत होता, जिंकले ते बघायला कोणी नव्हतं.'"

मी घरापाशी गाडीतच बसलोय. हे मांडीवर धरून लिहितोय.

तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून कपाने मला तेच सांगत होती, मी कप सुलटा करत होतो. मग एकोणीस तारखेला मी स्वयंपाकघरात जे बोललो —

ती जाळी तिच्या उशाशी मीच बसवली आहे.

जेवणघरात दिवा लागला. वांडा चहा मांडते आहे. आत जायला हवं.