कडेला ठेवलेली खुर्ची

फेअरविक, ओहायो
जून लागला आहे, अंगणात काजवे लागायचे आहेत

तीर्थरूप लूएलाताईस,

धाकट्या क्लेमचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहाच अंगांचा समज. दोन अंगं कमरेनं अडकवून ठेवली आहेत, त्याचं कारण पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? फ्लोरिडाची हवा मानवते का? ड्वाइटच्या त्या कुंपणातल्या वसाहतीत सगळी घरं अजून एकाच सायीच्या रंगाची आहेत, की कुणी बंड करून दार निळं केलं? ड्वाइटला माझे आशीर्वाद सांग. पोरगा वाईट नाही. दादा गेल्यापासून आत्याला जवळ ठेवावं असं त्याला मनापासून वाटतं, ते मला कळतं. स्वतःच्या घरामागचं घर तो तुझ्यासाठी घेणार आहे आणि महिनाअखेर त्याला तुझा होकार हवा आहे, हेही तुझ्या पत्रावरून कळलं. पण त्याच पत्रात खाली तू लिहिलं आहेस, "ड्वाइट म्हणतो ते बरोबरच आहे." ताई, ते मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. उभ्या जन्मात तू कुणाचं म्हणणं पहिल्या फटक्यात बरोबर ठरवलेलं मी ऐकलेलं नाही. जेवणाच्या टेबलावर बाबांनी सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं, तर "कुणाच्या बाजूनं बघून?" असं विचारणारी तू. (आणि बाबा घास हातात धरून विचार करत बसायचे. मग आई सगळ्यांनाच रागवायची.)

तू म्हणशील, वयानं माणूस मवाळ होतं. अगं, वयानं नाही, आपल्या हॅमलिन गावानं झालीस. शिक्षणमंडळानं शाळेच्या वाचनालयातून पुस्तकं काढून टाकायचं ठरवलं तेव्हा तू एकटी उभी राहिलीस, भांडलीस आणि हरलीस. हरण्याचं तुला काही वाटलं नसतं. पण त्यानंतर गावानं तुझ्याशी भांडणंच सोडून दिलं. दुकानातली डॉटी सुटे पैसे तुझ्या हातावर ठेवायची आणि खिडकीबाहेर बघायची. त्या हिवाळ्यापासून घरात नुसता तुझ्या डुलत्या खुर्चीचा कुरकुर आवाज उरला. फ्लोरिडाला निघताना तू मला म्हणालीस, "क्लेम, आपल्या दोघांच्या पेन्शनीत भागेल, कुठल्या चर्चला जाता हे कुणी विचारणार नाही आणि सकाळच्या कॉफीआधी एखादं चांगलं भांडण मिळेल, असं कॉलेजाचं गाव शोध. सापडलं तर येते." आणि हसलीस. तुला वाटलं, हा स्वप्नाळू काय शोधतोय! बरोबरच वाटलं म्हणा. पण मी निघालो.

निघताना तुझी खुर्ची पिकअपच्या मागे बांधून घेतली. (तुला न विचारता. ओरडायचं असेल तर इथे थांबून ओरडून घे, पुढे याहून मोठं कारण आहे.) लोक घर बघायला जातात म्हणजे नळ सोडून बघतात, भिंतींवर टकटक करतात. मला त्यातलं काही कळत नाही. मी आपली गावात खुर्ची मांडायचो, डोळे मिटून बसायचो आणि ताई इथे बसलेली दिसते का ते बघायचो. लोक मला वेडा म्हणाले असतील, पण कॉलेजाच्या गावात तेवढ्यानं कुणी वळूनही बघत नाही.

पहिलं गाव इतकं देखणं होतं की मला तिथे मोठ्यानं खोकायला संकोच वाटला. नदी, नदीवर पूल, पुलावर व्हायोलिन वाजवणारी मुलगी, पुस्तकांच्या दुकानात गल्ल्यावर झोपलेलं मांजर. खुर्ची मांडली, डोळे मिटले, तू दिसायला लागलीस, मांजराला बाजूला सरकवत होतीस. तेवढ्यात घरमालक आला. त्यानं मोटारीच्या शेडमध्ये पलंग टाकला होता आणि त्याला तो "स्वभाव असलेली खोली" म्हणत होता. भाडं ऐकून माझे डोळे पांढरे झाले. म्हटलं, बाबा, स्वभाव आमच्याकडे घरचाच भरपूर आहे, नुसती खोली कितीला देतोस? तो हसला नाही.

दुसरं गाव स्वस्त होतं, मोकळ्या मनाचं होतं, दारोदारी सूर्यफुलं होती. पण ताई, तिथे सगळे माझं ऐकूनच घ्यायचे! काही म्हण, माना डोलवायचे. शेवटी वैतागून मी मसूरचं सूप वाढणाऱ्या बाईंना म्हटलं, पृथ्वी सपाट आहे. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "हे तुम्ही आमच्याजवळ मोकळेपणानं बोललात, किती छान!" मी सूप संपवलं आणि खुर्ची परत बांधली. तू तिथे आठवडाभरात गुदमरली असतीस.

आणि मग फेअरविक. खरं सांगतो, मी जागा होतो की झोपेत गाडी चालवत होतो हे मला अजून नक्की सांगता येत नाही. लिंडनच्या झाडांना बहर आलेला, सगळ्या रस्त्यावर मधाचा वास. कुठल्याशा वरच्या खिडकीत कुणी चेलोवर एकच ओळ घोटत होतं, चुकत होतं, पुन्हा पहिल्यापासून. एक म्हातारे गृहस्थ बकरीला दोरी लावून फिरायला निघालेले, आणि बकरी त्यांच्यापेक्षा घाईत. आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना, घराघरापुढे, संसार मांडलेला! दिवे, सोफे, गाद्या, इस्त्री, एक होडी, पेंढा भरलेलं एक घुबड. मला वाटलं, गाव बुडणार आहे आणि मला कुणी कळवलेलं नाही. पण माणसं मजेत हिंडत होती, एखादा दिवा उचलून उन्हात धरून बघत होती. आपण मेल्यावर असंच काहीसं असेल तर हरकत नाही, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

बर्नाडीन प्रुइट नावाच्या बाईंच्या घराचा खालचा मजला भाड्यानं द्यायचा होता. वय सत्तरीचं, केस वाटाण्यासारखे हिरवे रंगवलेले, पायात चाकांचे बूट. (गुडघ्यांना बरं असतं म्हणे. तू करून बघू नकोस.) मी खुर्ची पिकअपवरून उतरवली आणि तिथेच कमरेत लचक भरली. दोन मिनिटं टेकवावी म्हणून ती रस्त्याच्या कडेला ठेवली आणि वाकडा वाकडा आत गेलो. आत काय सांगू! पूर्वेच्या खोलीत खिडकीपर्यंत आलेलं चेरीचं झाड, भिंतभर पुस्तकांच्या रिकाम्या फळ्या आणि भाडं इतकं बेताचं की मी दोनदा विचारून घेतलं. मनातल्या मनात तुझी पुस्तकं लावून झाली. बाहेर आलो तर खुर्ची नाही.

बर्नाडीनबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "कडेला ठेवलीत? आज? अहो, आज पोरं वसतिगृहं सोडून घरी जातात. आजच्या दिवशी कडेला ठेवलं ते उचलेल त्याचं. मी तर नवऱ्यालासुद्धा या दिवशी कडेला उभं राहू देत नव्हते!"

खुर्ची तुझी, तीही न विचारता आणलेली, आणि आता तुला बसवायला माझ्याकडे तेवढीही जागा उरली नव्हती. बाईंनी मला दोघांच्या सायकलीवर मागे बसवलं (लचक भरलेली असताना!) आणि आम्ही घरोघर विचारत निघालो. चेलोवाल्या मुलीकडे खुर्ची नव्हती, तिनं लिंबाचं सरबत दिलं. पाव भाजणाऱ्या एका घरात सात-आठ जण राहत होते, त्यांनी गरम पाव दिला आणि खुर्चीऐवजी ते घुबड घ्यायचा आग्रह केला, ते मी भिडेखातर घेतलं. चौकात कसल्याशा गृहस्थांचा पुतळा आहे. हिवाळ्यात त्याला विणलेली टोपी घालावी की नाही, यावर गावात कित्येक वर्षं दोन तट आहेत. दोन्ही तट एकाच बाकावर बसून एकाच ताटलीतून केक खात कडाकडा भांडत होते. मी कुठल्या बाजूचा ते त्यांनी विचारलं. मी कुठल्या चर्चचा ते कुणी विचारलं नाही. मांडीवर घुबड घेऊन मी त्या संध्याकाळच्या पिवळ्या उजेडातून चाललो होतो, खुर्ची हरवली होती, कंबर ठणकत होती, आणि ताई, लाज वाटते सांगायला, पण मी सुखात होतो.

खुर्ची सापडली प्रोफेसर थर्स्टन ओकलींच्या ओसरीवर. तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, एकटेच असतात, अंगानं काठीसारखे. तुझ्या खुर्चीत बसून डुलत होते, आणि ती तशीच कुरकुरत होती. मी म्हटलं, ही माझ्या बहिणीची खुर्ची.

"होती," ते म्हणाले. "कडेला होती की नव्हती?"

होती. पण मी ती टाकलेली नव्हती.

"खुर्चीला ते कसं कळणार? आणि मला? नियम खुर्चीच्या जागेवर चालतो, तुमच्या मनावर चालायला लागला तर उद्या गावात कुणाला साधा दिवा उचलता येणार नाही." मी कसला वाद घालणार? तुझ्यासमोर जन्मभर चारी मुंड्या चीत झालेला माणूस! मग त्यांनी विचारलं, "बहीण कुठे असते?" फ्लोरिडात, म्हटलं. "म्हणजे खुर्ची सोडून गेली. मग टाकली तिनंच, तुम्ही नाही." हे मात्र मला लागलं. मी म्हटलं, ती सोडून गेलेली नाही, ती गप्प झाली आहे, आणि तुम्ही तिच्या तावडीत सापडला असतात तर आत्ता खुर्ची सोडून उभे असतात. म्हातारा डुलायचा थांबला. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर आशा दिसली. "असं? मग तिला येऊन वाद घालू दे. जिंकली तर खुर्ची तिची. गेली तीन वर्षं मला इथे कुणी धड हरवलेलं नाही."

तर अशी हकिगत आहे. खालचा मजला मी उन्हाळ्यापुरता घेतला आहे. खुर्ची त्यांच्याकडे आहे आणि तुझ्याशिवाय ती सुटणार नाही. एवढ्यासाठी तरी ये. खुर्ची घे आणि हवं तर सरळ फ्लोरिडाला परत जा. माझं काही म्हणणं नाही.

तुझा,
क्लेम

ता. क. घुबड तात्पुरतं तुझ्या खोलीत ठेवलं आहे. नजर जराशी शिक्षणमंडळाच्या अध्यक्षांसारखी आहे, पण तोंड भिंतीकडे करून ठेवता येतं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितो आहे. आज सकाळी ओकली खुर्ची घेऊन स्वतः आले. खुर्चीचा डावा हात हलत होता तो त्यांनी पक्का करून आणला. कुरकुर तेवढी ठेवली, म्हणाले, ती मालकिणीला विचारल्याशिवाय काढणं बरं नव्हे. म्हणजे खुर्ची सुटली, ताई, आणि तुला बोलावायला माझ्याकडे कारण उरलं नाही. ही ओळ लिहिली नसती तरी चाललं असतं, पण तुझ्याशी खोटं बोलायला मला कधी जमलं नाही. खुर्ची ओसरीवर ठेवली आहे. रिकामी. मला तिच्याकडे बघवत नाही. घुबडं, पाव, पुतळे सगळं सोड, मला तू हवी आहेस, भांडणारी.

ता. क. तिसरा. जाता जाता ओकली पायरीवरून वळून म्हणाले, "खुर्ची दिली ती शेजारधर्म म्हणून. नियम माझाच बरोबर आहे." मी हो म्हटलं, मला दुसरं काय सुचणार! त्यांचा चेहरा इतका पडला म्हणून सांगू. तर या माणसाला काय उत्तर द्यायचं, तेवढं मला उलट टपालानं लिहून पाठव. नाही, थांब. लिहू नकोस. येऊन सांग.