सासूबाईंच्या सायकलीचा कायापालट

३ मार्च, रविवार, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद ठेवलेली बरी, नाहीतर लोक म्हणतात सहज झालं.

काम: सासूबाईंची जुनी लेडीज सायकल. नर्स होत्या तेव्हा त्या हिच्यावरूनच हॉस्पिटलला जायच्या. रिटायर झाल्यावर वाचनालय, भाजी, मैत्रिणी. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सायकल जिन्याखाली आणि सासूबाई घरात. आता डॉक्टरांनी परवानगी दिलीय. पाय फार उंच उचलायचा नाही, एवढंच पथ्य.

मला म्हणाल्या, ट्यूब बदला आणि ब्रेक तेवढे आवळून द्या. माणसांच्या अपेक्षा किती लहान असतात. मी व्हिंटेज कस्टम सायकलींचे खूप व्हिडिओ पाहिलेत. पंधरा तारखेला गाडी तयार.

संध्याकाळ
सगळे पार्ट सुटे केले. डावं पेडल सोडून. जितका जोर लावावा तितकं घट्ट बसतं. जुन्या वस्तूंना मिजास फार. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला सहज विचारलं. म्हणाला, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. मला माहीत होतंच, त्याची परीक्षा घेत होतो.

बायकोने विचारलं की जेवायचं कुठे. टेबलावर चेनवरचं झाकण, म्हणजे गिअरकेस, वाळत होती. उभ्याने जेवलो. ती फार बोलली नाही, म्हणजे तिलाही उत्सुकता आहे.

९ मार्च
भंगारवाल्याकडे सकाळ गेली. मिळालं ते असं: रेसिंग सायकलचं हँडल (किंचित वाकडं), जिममधल्या सायकलची सीट, स्कूटरचा हेडलाइट. हेडलाइट लागत नाही, पण व्यक्तिमत्त्व येतं. भंगारवाला मला बघून हल्ली उठून उभा राहतो. पारखी माणूस लगेच ओळखू येतो.

१५ मार्च
तारीख थोडी पुढे ढकलली. घाईचं काम माझ्या हातून होत नाही.

सासूबाईंनी बायकोमार्फत विचारलं की कधी होईल, मैत्रिणींना सोमवारी येते म्हणून कळवून बसल्या आहेत. मी म्हटलं, कुठल्या सोमवारी ते ठरलं नसेल तर बरं. बायको म्हणाली, ट्यूब बदलायला तुला पंचांगातला मुहूर्त लागतो का. अशा वातावरणात कलाकार कसा टिकायचा.

२३ मार्च
मोठा शोध. या सायकलीला मधला आडवा दांडाच नाही! कंपनीने पैसे वाचवले असणार. एवढी वर्षं सासूबाई जिवावर उदार होऊन फिरत होत्या आणि घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही. जावई म्हणून जबाबदारी माझी.

भंगारातून जेन्ट्स सायकलचा दणकट पाइप आणला. वेल्डरने एकच प्रश्न विचारला, सरळ लावू की तिरका. सरळ. मनासारखा माणूस भेटला.

घरी सांगितलं नाही. सरप्राइज.

३१ मार्च, रविवार
अनावरण. काळा मॅट रंग, चामडी मुठी. सासूबाई कठडा धरून खाली आल्या. सायकलभोवती फिरल्या, घंटी वाजवली. मग पाय उचलायला गेल्या आणि अर्ध्यात थांबल्या. सायकल कलती करून पाहिली. पुन्हा थांबल्या. दांड्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

विचारलं, हा स्क्रूने निघतो का. मी अभिमानाने सांगितलं, वेल्डिंग आहे, हत्ती बसला तरी हलायचा नाही. त्या म्हणाल्या, हत्तीचे गुडघे चांगले असतील.

फिनिशिंग छान आहे असंही म्हणाल्या. हे बायकोने ऐकायला हवं होतं, पण ती तोवर वर निघून गेली होती.

२ एप्रिल
वेल्डर म्हणतो की दांडा कापता येईल, पण सायकलीचा मूळ पाइप उष्णतेने कमजोर झालाय, बसणाऱ्याची हमी नाही. हे आधी सांगायला काय झालं होतं याला? हल्ली कामाची तळमळच राहिली नाही लोकांत.

मार्ग मीच काढला. सासूबाईंना सांगितलं, आई, यापुढे तुम्ही फक्त सांगायचं, मी स्कूटरवरून सोडेन. कधीही. खरं तर हे सायकलीपेक्षा सोयीचं.

६ एप्रिल, शनिवार
दुपारी जरा पडलो होतो. उठलो तर पाच वाजून गेलेले. सासूबाई दाराजवळच्या खुर्चीत, बाहेरची चप्पल घातलेली, मांडीवर वाचनालयाची पुस्तकं. वाचनालय पाचला बंद होतं.

मी म्हटलं, हाक मारायची ना. त्या म्हणाल्या, कुठे जायचं तर कोणाला उठवावं लागतं, हे मला ठाऊकच नाही हो.

मला खूप वाईट वाटलं. मग त्यांनीच माझी समजूत घातली. सवय करून घेईन, म्हणाल्या.